चढावरचे गंधर्व

मुरबाडहून सिद्धगडाच्या वाटेला लागलं की मुंबईकर ट्रेकरचा दम दोन गोष्टींत जातो : चढात आणि वादात. परवा आमच्यातले तिघे ‘सर्वांत थोर गायक कोण’ यावर पेटले. एकाचे भीमसेन, एकाचा रफी, तिसऱ्याचे बालगंधर्व. बालगंधर्व गेले १९६७ साली. त्यानंतर वीसेक वर्षांनी जन्मलेला हा गडी त्यांच्या ताना काल ऐकल्यासारख्या सांगत होता. (थोर ‘पुरुष’ गायक म्हणून ज्यांचं नाव घ्यायचं, त्यांनी उभा महाराष्ट्र जिंकला तो शालू नेसून. असो.)

असा निकाल लावायची संधी एकदा आली होती. ८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ नाटकाचा प्रयोग. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. त्याच ऑक्टोबरात केशवराव ३१व्या वर्षी गेले, फेरमोजणीची सोयच उरली नाही. रसिक शंभर वर्षं मोजतायत.

स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटलांच्या स्मारकापाशीही आवाज खाली आला नाही. २ जानेवारी १९४३ला दोघे इथंच धारातीर्थी पडले, हे वाटाड्यानंच सांगितलं. तिघांनी ‘हो हो’ म्हणत फोटो काढला आणि पुन्हा रफी.

शेवटी वाटाड्याचंच मत विचारलं.

“पहाटं काकड्याला जो उठून येतो, तो मोठा,” तो म्हणाला. “तुमचा कोण येतो?”

मग त्यानं चहाचे पैसे मागितले. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.