घाट चढवा आणि सुटा

पावसाळा लागला की इगतपुरीला दोन गोष्टी घाट चढून येतात: एक ढग आणि दुसरे गॅजेटवाले पाहुणे. ढगांचं बरं असतं. आपलं ओझं इथे रिकामं करतात आणि घोटीच्या दिशेने निघून जातात. पाहुणे आल्या आल्या विचारतात, "प्लग कुठे आहे?" ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाटाची वळणं न घेता, जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून पाहुणे थेट वर येऊ लागले. आता कधी कधी ढगांच्या आधी पाहुणेच पोचतात.

अशा एका पाहुण्याची सॅक उघडली की आत इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं दुकान निघतं. पाणी प्यायची आठवण करून देणारी बाटली, झोपेला मार्क देणारी अंगठी, पावलं मोजणारं घड्याळ, ते घड्याळ चार्ज करणारी बँक आणि ती बँक चार्ज करायला एक तिसरीच वायर, जी हमखास ठाण्याला राहिलेली असते. परवा एकाकडे हवेतली आर्द्रता दाखवणारं यंत्र पाहिलं. जुलैत इगतपुरीची आर्द्रता समजायला दोरीवरचा बनियन पुरतो. सोमवारी वाळत घातलेला बनियन गुरुवारी पिळता आला, तर आर्द्रता भरपूर आहे असं समजावं. त्यासाठी ॲप उतरवून घ्यावं लागत नाही आणि बनियन तुमचं लोकेशनही मागत नाही.

अर्थात यात एकट्या मुंबईकराचा दोष नाही. जग हुशार माणसांनी भरलेलं आहे आणि हुशार माणूस रिकामा बसला की काहीतरी शोधून काढतो. अमेरिकेत गौरी नंदा या विद्यार्थिनीने एमआयटीत असताना चाकं लावलेलं गजराचं घड्याळ बनवलं. गजर झाला की ते टेबलावरून उडी मारतं, खोलीभर पळतं आणि कुठेतरी जाऊन लपतं. बंद करायचं असेल तर उठा आणि शोधा. या शोधाला २००५ चं अर्थशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात. आमच्याकडे त्याच कामासाठी धम्मगिरी या विपश्यना केंद्रात पहाटे चार वाजता घंटा होते. घंटा पळत नाही, लपत नाही, आणि तिला 'अजून पाच मिनिटं' हे बटणही नाही.

घड्याळ निदान गमतीचं होतं. 'क्वर्की' नावाच्या अमेरिकन कंपनीने अंड्यांचा एक ट्रे आणला. फ्रीजमध्ये किती अंडी उरलीत आणि त्यातलं सगळ्यांत जुनं कुठलं, हे तो फोनवर कळवायचा. फ्रीजचं दार उघडून पाहण्याचे कष्ट वाचले. २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला; तो मात्र ट्रेने कळवला नसावा. त्याहून वरची पायरी गाठली 'जुसेरो'ने. वायफायवर चालणारं, सुमारे ४०० डॉलरचं रस काढायचं यंत्र. त्यात कंपनीचीच, आधीच चिरलेल्या फळांची आणि भाज्यांची पिशवी ठेवायची. २०१७ च्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी ती पिशवी नुसत्या हाताने पिळून दाखवली, रस जवळजवळ तितकाच निघाला. सप्टेंबरात दुकान बंद. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे आपण ऐकून होतो. इथे कोंबडी हातातच होती, मसाला वायफायला जोडलेला होता.

तर प्रश्न असा, की चांगलं काय आणि भंपक काय हे ओळखायचं कसं? पुण्यामुंबईच्या तज्ज्ञांनी त्यावर व्हिडिओ काढले आहेत. आम्हाला त्यांची गरज नाही. आमच्या स्टेशनात दीडशे वर्षांहून जुनी कसोटी उभी आहे.

१ जानेवारी १८६५ ला रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला आली. कसाऱ्यापासून इथपर्यंत सुमारे १४ किलोमीटर, चढ ३७ ला एक. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर येते. कागदावर हे काहीच नाही, डब्यांच्या लांबलचक गाडीला विचारा. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. ती मागून रेटतात, बोगद्यांमागून बोगदे पार करवतात आणि इगतपुरी आली की सुटतात. डब्यातला माणूस वडापाव सोडवत असतो, त्याला पत्ताही नसतो. सुटलेला बँकर 'आमचा धक्का कसा वाटला, पाच तारे द्या' म्हणत नाही. पुढच्या महिन्यापासून धक्क्याचं वर्गणीत रूपांतर करत नाही. वंदे भारत त्याच्याशिवाय चढते, तेव्हा 'बरेच दिवस आला नाहीत, आम्हाला तुमची आठवण येतेय' असा निरोपही पाठवत नाही.

यातून तीन प्रश्न निघतात. एक, घाट खरंच आहे का? दोन, धक्का लागतो का? तीन, वर पोचल्यावर सुटतं का? तिन्हींना होय असेल तर ठेवा. पाण्याची बाटली पहिल्याच प्रश्नाला कसाऱ्यात राहते: तहान लागल्याचं कळवायला निसर्गाने घसा दिलेला आहे. अंड्यांचा ट्रे दुसऱ्याला घसरतो. आणि झोपेची अंगठी तिसऱ्याला; ती सुटतच नाही. रात्री छान झोप लागलेला माणूस सकाळी अंगठीत '६२' पाहतो आणि दिवसभर थकलेला असतो.

आता कसोटी लावून आपल्याकडची हत्यारं पाहू. 'व्हेअर इज माय ट्रेन' हे ॲप पहिल्या झटक्यात पास. गाडीत बसलेल्या माणसाला ते इंटरनेट नसताना, मोबाइलच्या टॉवरवरून ओळखून गाडी कुठे आहे ते सांगतं. एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरताना घाटात तेही गप्प होतं, पण तिथे गाडी कुठे आहे हे अंधारावरून कळतंच. काम झालं की खिशात. रेल्वेच्या मोबाइल तिकिटाला मात्र काठावर पास करावं लागेल. कागदाविना तिकीट हवं तर रुळांपासून लांब असताना काढा, असा नियम. गाडी आत शिरताना एक माणूस फोन वर धरून स्टेशनाच्या उलट्या दिशेने पळताना दिसला, तर तो गाडी चुकवतोय असं समजू नये. तो तिकीट काढतोय.

सगळ्यांत अवघड परीक्षा ई-पीक पाहणीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून करायची. कल्पना उत्तम: घाट खरा आहे. पूर्वी ही नोंद तलाठ्याच्या कागदावर व्हायची आणि बांधावर कोण गेलं नि कोणी चावडीत बसून लिहिलं, हे सातबाराच जाणे. आता स्वतःच्या शेतात उभं राहून फोटो काढायचा, म्हणजे उपग्रह साक्षीला. पण खरिपाची ही पाहणी येते ऐन पावसात. भाताच्या चिखलात घोट्यापर्यंत पाय, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, खतपिशवीत गुंडाळलेला फोन. फोन बाहेर काढावा तर काचेवर थेंब पडतात आणि थेंबांनाच बोट समजून फोन भलतंच पान उघडतो. बोट पुसायचं, तर पुसायला कोरडं काही नाही: टॉवेल ओला, सदरा ओला, शेवटी माणूस बोट तोंडाने फुंकून वाळवतो. तेवढ्यात भाताचा फोटो काढताना नेमकी रेंज जाते. मग बायको बांधावरून ओरडते, "अहो, त्या आंब्याखाली या, तिथं दोन कांड्या दिसतात!" आंबा गटाबाहेर. उपग्रह म्हणतो, तुम्ही शेतात नाही.

तरी ई-पीक पाहणी पास, कारण नोंद एकदाची गेली की ती हंगामभर पुन्हा हाक मारत नाही. आणि त्या शेतातलं खरं गॅजेट कुठलं म्हणाल, तर ती खताची पिशवी. तिला अपडेट लागत नाही.

ऑनलाइन सातबारा म्हणजे शासनाने केलेलं शहाणं काम. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. हे हत्यार सुटतं. सुटत नाही तो साहेब. त्यावर डिजिटल सही आहे, क्यूआर कोड आहे, हे सगळं मान्य करून एखाद्या टेबलावरून प्रश्न येतोच, "पण यावर गोल शिक्का कुठाय?" शिक्क्याचं ॲप अजून यायचं आहे.

आता थोडी घरची बढाई. उपयुक्त संकेतस्थळांच्या याद्यांमध्ये कधी न दिसणारं एक आमच्या गावचं आहे. धम्मगिरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पाली तिपिटक आधी सीडीवर आणि मग तिपिटक डॉट ऑर्गवर फुकट ठेवलं. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला झालेल्या सहाव्या बौद्ध संगायनाचा तो पाठ. वर लिपी निवडायची सोय: तेच सूत्र देवनागरीत वाचा, कळ दाबा, बर्मीत, सिंहलीत, थाईत वाचा. वाचायला खातं उघडावं लागत नाही. पाली कळत नसेल तर नुसत्या लिप्या बदलून पाहण्यातही अर्धा तास बरा जातो. अडीच हजार वर्षांचा घाट, एक धक्का, आणि मग आपले आपण.

ज्यांना मन शांत करायचं आहे त्यांच्यासाठी मात्र बाजारात वेगळाच माल आहे. डोळे मिटायची आठवण करून देणारी ॲप्स, पावसाचा आवाज ऐकवणारी ॲप्स (इगतपुरीत इयरफोन लावून पावसाचा आवाज ऐकणारे लोक आम्ही पाहिले आहेत, खिडकी बंद करून), आणि ठरावीक वेळ संपेपर्यंत उघडणार नाही असा टायमरचा डबा, ज्यात फोन ठेवायचा. आधी फोन विकत घ्यायचा, मग त्याच्यासाठी तुरुंग. इथे धम्मगिरीच्या टेकडीवर १९७६ पासून सत्यनारायण गोयंकांच्या पद्धतीची विपश्यना शिबिरं चालतात. फी नाही, खर्च दानातून. दहा दिवस फोन जमा, वाचन नाही, लेखन नाही, दहाव्या दिवसापर्यंत शेजाऱ्याशी बोलणं नाही. नोंदणी मात्र ऑनलाइन. इंटरनेटपासून सुटायचा रस्ताही इंटरनेटवरूनच निघतो. हा अर्जही कसोटीला उतरतो, एकदा भरला की तुमचा पिच्छा सोडतो.

कसोटीला पूर्ण नापास ठरलेली एकच वस्तू उरते, ती म्हणजे 'फोन कमी वापरा' असं सांगणारी फोनमधलीच सोय. शिबिर संपतं. माणूस पाय सरळ करत, खुरडत येतो, फोन ताब्यात घेतो, चालू करतो. दहा दिवस पहाटे चारला उठून, गुडघे बधिर करून, जिभेला कुलूप लावून तो बसलेला असतो. पडद्यावर पहिला निरोप झळकतो: अभिनंदन, गेल्या आठवड्यात तुमचा मोबाइलचा वापर १०० टक्क्यांनी घटला! मांडी मोडली मालकाची, शाबासकी लाटली कपाटात बंद पडलेल्या फोनने.