दाल पकवानाच्या टप्प्यात

‘भरपूर केसेस बघायच्या होत्या,’ इंटर्नशिपसाठी हॉस्पिटल कसं निवडलं असं कुणी विचारलं की मी हे सांगतो आणि थोडा गंभीर चेहरा करतो. खरं कारण असं, की बाहेरगावच्या कॉलेजातून एनओसी आणताना मी फक्त जरीपटक्यातल्या आमच्या घरापासूनचं अंतर मोजलं होतं.

मेडिकल की मेयो? (नागपूरबाहेर मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान, इथे दोन्ही सरकारी हॉस्पिटलं. आणि मेयोला इंदिरा गांधींचं नाव लागून जमाना झाला, तरी ऑटोवाल्याला मेयोच सांगावं लागतं.) सीनियरांकडे चौकशी केली. लॉगबुकवर सही पटकन होते का, नीट-पीजीच्या अभ्यासाला दुपार मिळते का, रक्ताचे नमुने घेऊन किती जिने चढायचे? कम्युनिटी मेडिसिनच्या १२ आठवड्यांबद्दल तर पोरं हनिमूनसारखं बोलायची. दोन्हींपैकी कुठे कुणी शिकवतं का, हे मात्र मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

रविवारचं दाल पकवान सुटता कामा नये, ही माझी खरी अट. फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींनी जरीपटक्याची वस्ती भरली आणि आम्हाला हे दिलं. जिरं घातलेला मैद्याचा कडक पकवान, अर्धवट मोडलेली हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, बारीक कांदा. डाळ वर ओतून घेणारा माणूस मला संशयास्पद वाटतो. पकवान मोडायचा आणि त्या तुकड्याने डाळ उचलायची, नाहीतर मिनिटभरात त्याचा भिजका पापड होतो. तर्री पोह्यांवर जीव टाकणारे मित्र हसतात. त्यांना हा ‘कडक्’ आवाज नशिबातच नाही. शिवाय ॲप्रन घालून टपरीवर उभं राहिलं की काकू ‘डॉक्टरसाब, मेरी शुगर देखो’ म्हणतात. ॲप्रन घरी काढून ठेवता आला असता, हे मला ठाऊक होतं.

शेवटी कुठे लागलो ते सांगत नाही, कारण पुढे तिथल्या स्ट्रेचरची बदनामी आहे. त्याचं एक चाक उजवीकडेच वळायचं. वर्षभर मी डॉक्टरकी कमी आणि हमाली जास्त केली. एक्स-रेच्या रांगेत उभं राहणं, रिपोर्ट शोधणं, हरवलेला रिपोर्ट पुन्हा शोधणं. संताप यायचा, आणि तो बिचाऱ्या चाकावर निघायचा.

एका रात्री दोनच्या सुमाराला देवरीकडची एक आजी त्याच स्ट्रेचरवर होती. छातीवर पिशवी घट्ट धरलेली, पिशवीत जुने कागद आणि शिळी पोळी. मी चाकाला लाथ घालत विचारलं, ‘आजी, एवढ्या लांब इथंच कशा आल्या?’ कान टवकारून थांबलो. आमच्या हॉस्पिटलचं नाव गावोगावी झालंय, असं काहीतरी ऐकायचं होतं.

‘एष्टी थेट नागपूरलेच येते नं, बाबू,’ आजी म्हणाली.

मग माझ्या घामाकडे बघून विचारलं, ‘तुमी कोठून येता? लांब पडत असंल.’

‘हो,’ मी म्हणालो, ‘लांबच पडतं,’ आणि स्ट्रेचर ढकलायला लागलो.