निवृत्त गुप्तहेराची हयात

राजापेठेतले आमचे एक शेजारी, जे फौजदार म्हणून सेवानिवृत्त झाले आणि ज्यांच्या मागावर आता गुडघेदुखीखेरीज कोणी नाही, रहस्यकादंबरीतला साठी उलटलेला गुप्तहेर एखाद्या क्रूरकर्म्याच्या मागे गच्चीवरून गच्चीवर झेपावू लागला की पुस्तक मिटून एवढेच पुसतात, "याचं प्रवासभत्त्याचं बिल मंजूर कोन करते, बाप्पा?"

पृच्छा अगदीच गैरलागू नव्हे. 1968 साली मुंबईच्या उपनगरांत निद्रिस्त दरिद्री जनांची मस्तके फोडीत हिंडणारा रामन राघव 27 ऑगस्टला ज्यांच्या हाती लागला, ते फौजदार अ‍ॅलेक्स फियालो सरकारी वेतनावर तैनात होते. तपासाची सूत्रे सांभाळणारे रमाकांत कुलकर्णी यांच्याही निवृत्तीला बराच अवकाश होता. ओळख पटली ती दप्तरातल्या छायाचित्रावरून, अंतःस्फूर्तीने नव्हे. आणि मौन धरून बसलेल्या त्या आरोपीची वाचा फुटली, ती म्हणे कोंबडीचे जेवण पुढ्यात आल्यावर! (कादंबरीकाराने येथे मनोविश्लेषणाची निदान तीन प्रकरणे खर्ची घातली असती.)

आमच्या शेजाऱ्यांचे म्हणाल, तर ज्यांनी हयातभर बेवारस प्रेतांचे पंचनामे केले, त्यांनाच दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी आपण स्वतः जिवंत असल्याचा दाखला सादर करावा लागतो. गेल्या खेपेस यंत्राने त्यांचा अंगठा तीनदा नाकबूल केला. रेषा झिजल्या आहेत, असे खिडकीमागच्या कारकुनाने सांगितले, आणि ठशांवरून चोर पकडणारे फौजदारसाहेब मुकाट्याने दुसरे बोट पुढे करते झाले.