सर, फायनल फाइल उद्या

कुलवृत्तांत काढायचं काम अंगावर घेणारा माणूस घराण्यात एकच असतो. निवृत्त, सुवाच्य अक्षराचा आणि कुणालाही नाही न म्हणू शकणारा. साताऱ्याच्या अशाच एका काकांनी सात पिढ्यांची माहिती जमवली, कोण कुठे दत्तक गेलं यावरून दोन चुलतभावांशी अबोला धरला आणि पुस्तकाच्या मांडणीसाठी एक फ्रीलान्सर गाठला. ठरले ५० हजार. त्यातले ४० हजार काकांनी आगाऊ देऊन टाकले. का, तर ‘मुलगा वाकून नमस्कार करतो.’

निम्मी पानं झकास लागली. मग ‘सर, फायनल फाइल उद्या’ सुरू झालं. लॅपटॉप बिघडला. आजी वारली. दुसरी आजी वारली. तिसरी वारली तेव्हा मात्र वंशावळींत मुरलेल्या काकांना संशय आला.

घरात बैठक बसली. पुतण्या म्हणाला, “सरळ ४२० लावा.” पण ते कलम १ जुलै २०२४ पासून पडद्याआड गेलंय, फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये नांदते. शिवाय नुसता करार मोडला म्हणजे फसवणूक होत नाही, सुरुवातीपासूनच मनात खोट हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात स्पष्ट केलंय. इथे तर मुलाने अर्धं पुस्तक मन लावून केलेलं. ठाणे अंमलदाराने चहा पाजला आणि ‘ही दिवाणी बाब आहे, काका’ म्हणून वाटेला लावलं.

“पण लेखी करार कुठेय?” काकूंनी विचारलं. हा प्रश्न त्या लग्नापासून विचारत आल्या आहेत. सुदैवाने १८७२ चा करार कायदा तोंडी करारही मानतो. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे ते सगळे ‘उद्या’ पुरावा म्हणून चालतात. फक्त भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसानभरपाईही मिळते, पण करार मोडल्यामुळे सरळसरळ झालेल्या नुकसानीची. प्रकाशनासाठी आधीच बुक केलेल्या हॉलचे पैसे, मुलाला तारीख सांगितली असेल तर, मागून पाहता येतात. चुलतभाऊ हसले त्याचे नाही.

काकांचा हट्ट वेगळाच होता. “पैसे नकोत, पुस्तक हवंय. कोर्टाने त्याला समोर बसवून करून घ्यावं!” इथे कायदा हात जोडतो. काम करणाऱ्याच्या अंगच्या कसबावर अवलंबून असलेला करार जबरदस्तीने पुरा करून घेता येत नाही, असं १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम १४ सांगतं. (या कायद्याचं नाव एका दमात उच्चारणाऱ्याला खरं तर निम्मी भरपाई तिथल्या तिथे मिळायला हवी.)

हे दुखणं जुनं आहे. १४८१ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या मठाने वेदीवरच्या चित्राचं काम एका होतकरू चित्रकाराला दिलं. मुदत जास्तीत जास्त ३० महिन्यांची. गडी चित्र अर्धवट टाकून मिलानला निघून गेला. त्याचं नाव लिओनार्दो दा विंची. साधूंनी बरीच वर्षं वाट पाहिली आणि शेवटी फिलिप्पिनो लिप्पीकडून १४९६ मध्ये दुसरं चित्र करून घेतलं. आज उफिझी संग्रहालयात दोन्ही चित्रं आहेत, आणि गर्दी खेचतं ते अर्धवट राहिलेलं. साधूंच्या जिवाला काय वाटत असेल!

साधूंनी केलं ते आपल्याकडे २०१८ च्या दुरुस्तीने त्याच विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २० मध्ये आलं. किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यायची, तरी काम झालं नाही तर दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि तो खर्च पहिल्याकडून वसूल करायचा. सगळ्यांत शहाणं कलम हेच. कारण त्यात पुस्तक तरी हाती लागतं.

पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. कुलवृत्तांत नफ्यासाठी कुणी काढत नाही, त्यामुळे काका ‘ग्राहक’ ठरायला अडचण नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षं. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो, पण कायद्याचे तीन महिने आणि मुलाचा ‘उद्या’ हे एकाच पंचांगातले. आदेश धाब्यावर बसवला तर मात्र महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे वाचून काका खुलले.

काकांनी दोन परिच्छेद संस्कृतप्रचुर नोटीस लिहिली, तिसऱ्या आजीचा उल्लेख काकूंनी काढायला लावला, आणि पाकीट घेऊन ते पोस्टात गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी पत्ता विचारला. काकांकडे मुलाचं इन्स्टाग्रामवरचं नाव होतं, यूपीआय आयडी होता, सूर्यास्तासमोर पाठमोरा उभा असलेला एक फोटोही होता.

“पिनकोड?” बाई म्हणाल्या.