गाडी मुक्कामी ठेवा

काही आजार दवाखान्याच्या वाटेवरच बरे होतात. गार इंजिनाचा आजार त्यातलाच. पौषातल्या पहाटे तिसगावात गाडी चालू करावी, तर ती कण्हतच जागी होते. पाय दाबला तरी उचल घेत नाही, धक्के खाते, मध्येच दम टाकते. पण करंजी येईतो तिचं अंग तापतं आणि पुढचा घाट ती अशा झोकात चढते की तक्रार करणाऱ्यालाच लाज वाटावी. नगरच्या गॅरेजात तर ती अगदी गुणाची. तिथला पोरगा एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "साहेब, गाडी एकदम ओके." तेव्हा त्याच्या डोळ्यांत आपलीच तपासणी चाललेली दिसते.

मग गावचे सल्ले सुरू होतात. तिसगाव नगर-पाथर्डी रस्त्यावरचं. इथून शेवगावला जाता येतं, वृद्धेश्वराला आणि मढीच्या कानिफनाथालाही. त्यामुळे चहाच्या टपरीवर ज्ञान चारी दिशांनी येतं. उसाचा ट्रॅक्टर चालवणारा छातीठोकपणे सांगतो, "हीटर प्लग गेलेत." गाडी पेट्रोलची, तिला हीटर प्लग कुठून असणार? एके काळी फियाट चालवलेले काका म्हणतात, "चोक ओढ ना जरा." चोक तर कार्बोरेटरबरोबरच गेला. तिसऱ्याच्या मते पेट्रोलमध्येच पाणी आहे. हे निदान कोणत्याही गाडीला, कोणत्याही ऋतूत चालतं.

गंमत म्हणजे पहिले दोघं आपापल्या गाडीपुरते बरोबरच होते. डिझेल पेटतं ते दाबून तापवलेल्या हवेच्या उष्णतेवर. इंजिन गार असलं की ती उष्णता कमी पडते, म्हणून हीटर प्लगची ऊब. पेट्रोलचं दुखणं वेगळं. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनानं साधारण 14.7 भाग हवा लागते, पण जळण्याआधी त्या पेट्रोलची वाफ व्हायला हवी. थंडीत निम्मंशिम्मं थेंबांच्या रूपात भिंतींनाच चिकटून बसतं. म्हणून गार इंजिनाला पेट्रोल जास्तीचं वाढावं लागतं. पूर्वी चोक हवा अडवून ते साधायचा. आता ते काम कम्प्युटर करतो, आणि कम्प्युटरला स्वतःला थंडी वाजत नाही. तो टेंपरेचर सेन्सरला विचारतो.

हा सेन्सर म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडवलेला बोटभर तुकडा. पाणी गार, तर त्याचा विजेला होणारा अडथळा मोठा. पाणी तापेल तसा अडथळा कमी. 20 अंशांना दोन-तीन हजार ओहम, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. त्यावरून कम्प्युटर ओळखतो, इंजिनाला किती वाढायचं. तार तुटली तर त्याला लगेच कळतं आणि समोर पिवळा दिवा लागतो. पण सेन्सर पटेल असं खोटं बोलू लागला तर दिवाही लागत नाही. काही माणसं कधीही विचारा, "बरं चाललंय" म्हणतात, तसा हा सदासर्वदा "तापलंय, तापलंय" सांगत राहतो. कम्प्युटर त्याच्यावर विश्वासून हात आखडता घेतो आणि इंजिन पहाटे उपाशी राहतं. पुढे इंजिन खरंच तापतं आणि त्याचं खोटं आपोआप खरं ठरतं. घाट चढून आलेल्या गाडीत कुणाला काय सापडणार?

शेवटी रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीनं ऐकून घेतलं. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "गरम गाडीचं मला काही सांगू नका भाऊ. रातभर इथंच मुक्कामी ठेवा. सकाळी मी यायच्या आत कुणी चालू करायची न्हाई."

पुण्याच्या एआरएआय संस्थेत गाड्यांच्या धुराची चाचणी होते. तिथेही गाडीला आधी निदान सहा तास बंद ठेवून गार होऊ देतात, मगच मोजणी. धूर जास्तीत जास्त निघतो तो सुरुवातीच्या गार मिनिटांतच. खरी परीक्षा तिथेच. मिस्त्रीला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याला थंडीनं शिकवलं होतं.

सकाळी बॉनेटवर दव होतं. त्यानं चावी नुसती अर्धी फिरवली, इंजिन चालू केलं नाही, आणि स्कॅनर लावला. रात्रभर उभ्या गाडीत आत येणारी हवा आणि इंजिनाचं पाणी, दोन्ही सारखीच गार असायला हवीत. हवा होती 11 अंश. पाणी 78. मिस्त्री गंभीरपणे म्हणाला, "घ्या, अंघोळीचं पाणी तयार आहे."

सेन्सर बदलायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. वेळ लागला तो दुखण्याच्या वेळेला तिथं हजर राहायला. स्कॅनर हल्ली सगळ्यांकडे असतो, पहाटे उठायची तयारी मात्र थोड्यांकडे.

माणसांची विचारपूस आपण बहुधा गरम वेळेलाच करतो: लग्नात, जत्रेत, दुपारच्या टपरीवर. तिथं सगळेच घाट चढून आलेले, सगळ्यांचं ठीक चाललेलं. बाहेर आपल्याबद्दल चांगलं मत असतं तेही बहुतेक याच कारणानं; बाहेरच्यांनी आपल्याला सकाळच्या चहाआधी पाहिलेलं नसतं. खरा रिपोर्ट हवा असेल तर घरच्यांना विचारावं. ते वर्षानुवर्षं मुक्कामी आहेत.