श्री. परवडकर लेन्स बघत आहेत

मिररलेस कॅमेरा घरात आला की वर्षभरात केव्हातरी मराठी माणसाला लांबचं दिसेनासं होतं. दोष डोळ्यांचा नसतो, डब्यातून आलेल्या 16-50 च्या किट लेन्सचा असतो. त्या लेन्समधून मुलांचे वाढदिवस, पुरणपोळीचं ताट आणि पावसाळ्यातला सिंहगड उत्तम येतो. भिगवणचा रोहित मात्र गुलाबी ठिपका होऊन येतो आणि सोसायटीमागच्या ओढ्यावरचा खंड्या मुळीच येत नाही. इथून पुढे हा गृहस्थ ‘टेली’ बघू लागतो. सोयीसाठी त्याला परवडकर म्हणू. परवडकर बँकेत असतात, पाटबंधारे खात्यात असतात, हिंजवडीत असतात आणि न्यू जर्सीतही असतात. लग्नात सगळे जेवणाच्या रांगेत उभे असताना जो फोटोग्राफरच्या खांद्याशी जाऊन ‘सत्तर-दोनशे का?’ असं हळूच विचारतो, तो परवडकर. ‘परवडणारी एखादी बघतोय’ असं तो सांगतो आणि हे बघणं तीन-तीन दिवाळ्या चालतं. लोक त्याला चिक्कू तरी समजतात किंवा छांदिष्ट तरी. माझ्या मते दोन्ही निदानं चुकली आहेत. परवडकर लेन्सच्या शोधात नाहीच. तो आहे लेन्सच्या समर्थनार्थ करायच्या भाषणाच्या शोधात. ‘कशाला हवी होती?’ या अजून कुणीही न विचारलेल्या प्रश्नाचं बिनतोड उत्तर ज्या लेन्सबरोबर मिळेल, ती त्याला परवडणार आहे. किंमत ही त्यातली किरकोळ बाब.

त्याचं बजेट कसं सरकतं ते पाहा. सुरुवात अगदी सोज्वळ असते. कॅमेरा निकॉनचा असेल तर 50-250, कॅननचा असेल तर 55-210. पहिली 405 ग्रॅमची, दुसरी 270 ग्रॅमची. दोन्हींत स्टॅबिलायझर आहे आणि नवशिक्याला दोन्ही पुरून उरतात. पुढच्या आठवड्यात त्याला कळतं की थोडे पैसे आणखी टाकले तर कॅननची 100-400 येते. सोनीवाल्याला 70-350 खुणावते, टॅमरॉनची 70-300 खुणावते. मग सिग्माची 100-400, मग टॅमरॉनची 150-500, आणि गणपती येईपर्यंत गडी 200-600 च्या पायथ्याशी पोचलेला असतो, जिची किंमत मूळ आकड्याच्या कैक पट आणि वजन दोन किलोंच्या वर. चिक्कू माणूस असता तर तो अशा वेळी खाली उतरला असता. छांदिष्ट असता तर कुठेतरी पैसे टाकून मोकळा झाला असता. परवडकर वर वर जातो आणि घेत मात्र काहीच नाही, कारण स्वस्त लेन्स हौस दिसते आणि हौसेला कारण देता येत नाही. महाग लेन्सला ‘एकदाच घेतली, आयुष्याची कटकट गेली’ हे वाक्य आयतं मिळतं. पण मग तो आकडा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असा उच्चारावा लागतो. तिथे जीभ अडखळते आणि स्वारी परत 50-250 वर.

कुणी म्हणेल, यात हसण्यासारखं काय आहे? चार पैसे मिळवणारा माणूस विचार करून खर्च करतो, शंभर ठिकाणी चौकशी करतो, हा गुणच झाला. मान्य. पण हाच माणूस दिवाळीच्या ऑफरमध्ये 55 इंची टीव्ही एका संध्याकाळीत घेऊन येतो. त्याच्या पॅनेलची जात कोणती, याची चौकशी तो दुकानातल्या मुलाकडे करतो आणि मुलगा म्हणेल ते खरं मानतो. टीव्ही घराचा असतो. लेन्स त्याच्या एकट्याची असते. शिवाय लेन्सचं अज्ञान त्याला आहे म्हणावं तर तेही नाही. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला टेली घ्यायची असू द्या, परवडकर चहाचा कप खाली न ठेवता निकाल देतो: ‘कॅनन आहे ना? मग आरएफ शंभर-चारशे घे. डोळे मिटून घे. 635 ग्रॅम फक्त.’ तो सहकारी त्या शनिवारी लेन्स घेतो, पुढच्या शनिवारी पाणकोंबडीचा बरा फोटो काढतो, आणि परवडकर त्या फोटोखाली अंगठा टाकून पुन्हा स्वतःच्या संशोधनाला लागतो. दुसऱ्याच्या पैशांचं समर्थन आपल्याला करायचं नसतं, म्हणून उत्तर दोन मिनिटांत सापडतं. एवढा एकच पुरावा माझ्या म्हणण्याला पुरेसा आहे, पण परवडकरच्या बाबतीत पुराव्यांची टंचाई नाही.

त्याची एक्सेल शीट बघा. पहिल्या रकान्यात लेन्सचं नाव, मग किमान आणि कमाल फोकल लांबी, वजन, फिल्टरचा व्यास, वॉरंटी, सेकंडहँड भाव, आणि शेवटी पिवळ्या रंगात ‘दर मिलिमीटरला रुपये’. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने या शेवटच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. भाषणाच्या दृष्टीने तो हुकमी आहे. त्याशेजारी गुणाकाराचा रकाना. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात चित्राच्या कडा कापल्या जातात, म्हणून निकॉन-सोनीत 250 ची लेन्स 375 सारखी दिसते आणि कॅननमध्ये 400 ची 640 सारखी. परवडकर 1.5 ने किंवा 1.6 ने गुणतो ते लांबीलाच. त्याच न्यायाने एफ-आकड्यालाही गुणायला हवं, म्हणजे एफ 8 चा हिशेब पार्श्वभूमीच्या धूसरपणाच्या बाबतीत एफ 12.8 च्या घरात जातो, हे त्याला ठाऊक असतं. तो रकाना त्याने लपवून ठेवलेला असतो. आणि ज्या एका गोष्टीवर ग्राहकाने खरोखर अडून बसायला हवं, ती शीटमध्ये सापडत नाही: लेन्समध्ये स्टॅबिलायझर नाही आणि बॉडीतही नाही, अशी जोडी तर जमत नाही ना? टॅमरॉनच्या त्या 70-300 मध्ये तो नाही. सोनीच्या 6400 च्या बॉडीतही नाही. दोन्ही एकत्र आले की हाताची थरथर फोटोत उतरणारच, मग शटर तरी वेगवान ठेवायला हवं. पण हा मुद्दा ऐकून बाजूच्याला मान डोलवावीशी वाटत नाही, म्हणून त्याला रकाना नाही.

दुकानातला परवडकर हा आणखी एक देखावा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारातल्या एखाद्या काउंटरवर तो उभा असतो, बॉडी घरून आणलेली, कपाळावर घाम. काउंटरवरचा माणूस काचेच्या कपाटातून लेन्स काढतो, मागची-पुढची टोपणं काढतो, आणि परवडकर ती हलक्या हाताने खटकन बसवून रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखतो. बायनाक्युलर दुरुस्तीची पाटी असो की झेरॉक्सची, पाटीवरचा फोन नंबर स्क्रीनवर दोनशे टक्के मोठा करून तो कोपऱ्यातल्या आकड्यांच्या कडा तपासतो. मग तीच पाटी दुसऱ्या लेन्सने. आजवर कुठलाही पक्षी चौकटीच्या कोपऱ्यात बसवून कुणी फोटो काढलेला नाही. पक्षी मध्यावर असतो आणि कोपऱ्यात आकाश असतं. पण ‘कोपरे जरा सॉफ्ट आहेत’ हे वाक्य घेऊन दुकानातून सन्मानाने बाहेर पडता येतं. दुकानदार हे ओळखून असतो. तो टोपणं परत लावतो आणि ‘आरामात घ्या साहेब’ म्हणतो.

आता परवडकरचा सगळ्यात वजनदार आक्षेप: स्वस्त टेली अंधारी असते. हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर हसून चालणार नाही. एफ-आकडा म्हणजे फोकल लांबी भागिले प्रकाश आत येणाऱ्या वाटेचा व्यास. चारशेला 5.6 ने भागलं तर 71 मिलिमीटर येतात, 8 ने भागलं तर 50. व्यासात एवढाच फरक, पण क्षेत्रफळ निम्मं, प्रकाश निम्मा. आणि लेन्सची किंमत वाढते ती मुख्यतः याच जास्तीच्या काचेपायी. 400 ची एफ 2.8 हवी तर 143 मिलिमीटर रुंद वाट हवी, म्हणून ती लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते. तेव्हा स्वस्त आणि लांब लेन्स उजेडाच्या बाबतीत हात आखडणारच, ही कंपनीची लबाडी नव्हे. आरशाच्या जुन्या डीएसएलआरमध्ये याचा दुहेरी फटका बसत असे: फोकस करणारे सेन्सर वेगळे असत, ते एफ 5.6 पर्यंत भरवशाचे, काही कॅमेऱ्यांत मधले बिंदू एफ 8 पर्यंत, त्यापुढे नन्नाचा पाढा. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, म्हणून ती भिंत उरली नाही. 2020 मध्ये कॅननने 600 आणि 800 मिलिमीटरच्या एफ 11 च्या लेन्स आणल्या आणि 2021 मध्ये एफ 5.6-8 ची ही 100-400, त्या याच जोरावर. परवडकरने आरसा नसलेला कॅमेरा घेतला त्याचा खरा फायदा इथे होता, आणि नेमका इथेच तो डीएसएलआरच्या काळातला नियम सांगतो. नुकसान उरतं ते एका स्टॉपचं: 1600 आयएसओच्या जागी 3200. ताडोबात सकाळी गेट उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास ते टोचेल. पुढचे तीन तास टोचणार नाही.

दुसरा आक्षेप लांबीचा: ‘तीनशेत पक्षी भरत नाही, सहाशेच लागते.’ इथे मात्र पाचवीतलं गणित त्याच्या विरुद्ध साक्ष देतं. रोहित उभा राहिला की साधारण सव्वा मीटर. तो तीस मीटरवर असेल तर 300 च्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा साडेबारा मिलिमीटर उंच पडते, आणि लहान सेन्सरची उंचीच साडेपंधरा-सोळाच्या आत असते. म्हणजे पक्षी पायापासून चोचीपर्यंत चौकटीत भरला. कुंभारगावचा नावाडी वल्हं थांबवून नाव तिथवर वाहत नेतो, पक्ष्यांना न उठवता. सहाशेची लेन्स जे काम करते त्यातलं अर्धं तो करतो. उलट शिंजीर बोटाएवढा. तो तीस मीटरवर असेल तर सहाशेनेही दोनच मिलिमीटरचा येतो, आणि बाल्कनीतल्या जास्वंदीवर पाच मीटरवर असेल तर 250 नेही पाच मिलिमीटरचा. अंतर निम्मं करणं आणि लांबी दुप्पट करणं एकच. पहिल्याला पैसे लागत नाहीत, गुडघे लागतात. जंगलात गाडीतून उतरता येत नाही, तिथे हा उपाय चालत नाही, हे खरं. पण वाघ दोन मीटरचा असतो आणि चाळीस मीटरवर आला तर 300 मध्ये दोन-तृतीयांश चौकट अडवतो. चाळीस मीटरवर आला नाही तर तो गाईडचा प्रश्न आहे. शिवाय हे सगळे फोटो शेवटी जाणार कुठे? कुटुंबाच्या ग्रुपवर. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा असतो, फुल एचडी पडदा 1920 बाय 1080 चा, आणि व्हॉट्सॲप तर त्याहूनही दाबून टाकतं. तीनशेने काढून कडा तिपटीने छाटल्या तरी आत्याला फरक कळणार नाही.

‘पण मग एकदाच घ्यावी आणि चांगली घ्यावी’ हा शेवटचा बुरूज. दोन किलोंची लेन्स पहिल्या रविवारी कवडीपाटला जाते, दुसऱ्या रविवारी मानेला वाफ घ्यायला लावते आणि तिसऱ्यापासून कपाटात, सिलिका जेलच्या सोबतीने. 400 ग्रॅमची लेन्स पिशवीत पडून राहते आणि म्हणून पक्षी समोर येतो तेव्हा ती जवळ असते. ‘काकांची जुनी लेन्स ॲडाप्टरवर लावीन’ हा त्याच बुरुजाचा चोरदरवाजा. तो बंद करायला एवढंच सांगावं की निकॉनची जुनी, बॉडीतल्या मोटरवर फिरणारी लेन्स एफटीझेड ॲडाप्टरवर आपोआप फोकस करत नाही, हाताने करावा लागतो. यावर परवडकर गप्प होतो, पण घेत नाही. गंमत म्हणजे ज्यांच्यासमोर हे भाषण व्हायचं असतं, त्यांनी पहिल्याच दिवशी भाजी निवडता निवडता ‘अहो, घ्या की मग एकदाची’ म्हणून खटला निकाली काढलेला असतो. त्याला तो निकाल मान्य नाही. बाजू मांडायच्या आत सुटका झाली, तर एवढ्या तयारीचं काय करायचं?

म्हणून अशा घरातल्या मंडळींना एक विनंती आहे. ‘घ्या’ म्हणू नका, त्याचा उपयोग होत नाही. पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारसाठी लेन्स भाड्याने मिळतात; ओळखपत्र आणि अनामत ठेवावी लागते. परवडकर स्वतः कधी आणणार नाहीत, कारण भाड्याच्या पैशांना रीसेल नसतो. तुम्ही आणा, साधी आणा, शंभर-चारशे किंवा पन्नास-अडीचशे. भिगवण पुण्याहून शंभरेक किलोमीटर आहे आणि रोहित हिवाळाभर तिथे असतात; ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि मग दहा लाखांची लेन्सही धूसरच चित्र देते, तेव्हा पहाटे चारला गाडी काढा. निघण्यापूर्वी बॅटरी चार्ज आहे का आणि कॅमेऱ्यात कार्ड आहे का, तेवढं तुम्हीच बघा. परवडकर त्या वेळी सिग्मा आणि टॅमरॉन यांची तुलना करत असतील.