पोटातला नकाशा

आकाशातल्या उपग्रहाला हातखंब्याचा तिठा ठाऊक असतो, असा आमच्या रत्नागिरीत बऱ्याच जणांचा समज आहे. तो बिचारा वीस हजार किलोमीटरवरून फक्त वेळ आणि स्वतःचा पत्ता सांगत असतो. गाडीतलं यंत्र अशा चार-पाच उपग्रहांचं ऐकून आपण कुठे आहोत याचा हिशेब मांडतं, बस्स. रस्ता त्याला वरून कोणी सांगत नाही. तो गाडीतल्याच कार्डात, कुणीतरी कधीतरी मोजून भरलेला असतो.

गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या ठासून सांगतो, "काका, परवाच अपडेट केलंय!" केलेलं असतंच. पण आवृत्त्या दोन असतात. एक प्रोग्रामची, म्हणजे बटणं कुठे, आवाज कोणाचा, पडदा रात्री काळा होतो का, वगैरे. दुसरी नकाशाची. पहिली नवी झाली म्हणून दुसरी होत नाही. सेटिंगमध्ये 'माहिती' नावाच्या पानावर दोन्हींचे आकडे शेजारीशेजारी लिहिलेले असतात. त्या पानावर कोणी फिरकत नाही. शिवाय नकाशाच्या आवृत्तीवरचं साल हे तो बाहेर पडल्याचं साल, रस्ता मोजल्याचं नव्हे. पंचांग नवं आणि तिथ्या गेल्या वर्षीच्या, अशातला प्रकार.

सरळ, सपाट मुलखात हे खपून जातं. आमचा मुंबई-गोवा महामार्ग मात्र नकाशेवाल्यांच्या सहनशीलतेची परीक्षा आहे. 2010 साली त्याचा क्रमांक 17 चा 66 झाला. मग चौपदरीकरण आलं आणि गेली कित्येक वर्षं तो रस्ता अंग बदलतोच आहे. आज इथे वळण, उद्या तिथे पूल, परवा तोच पूल बंद. कशेडीच्या बोगद्याकडे जाताना जुना नकाशा पोटात असलेलं यंत्र बघण्यासारखं असतं. जवळचा ओळखीचा रस्ता धरायची त्याला सवय, म्हणून बाण काही वेळ इमानाने जुन्या घाटालाच चिकटून राहतो. मग अंतर फारच वाढलं की हताश होऊन हिरव्या डोंगरात उडी घेतो. बोगद्यात शिरल्यावर तर वरचं बोलणंही ऐकू येत नाही. तेवढ्यापुरतं तरी ते गप्प बसतं, हा बोगद्याचा एक फायदा.

उपग्रहांचंही सगळं आलबेल नसतं. ते आठवडे मोजतात, आणि जुन्या पद्धतीत 1024 आठवडे झाले की पुन्हा शून्यापासून. 6 एप्रिल 2019 च्या रात्री हा हिशेब संपला आणि अपडेटविना पडलेल्या काही जुन्या यंत्रांनी वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवायला घेतली. यंत्राच्या बाबतीत विसाव्या वर्षी स्मृतिभ्रंश लवकरच म्हणायचा.

पण यंत्राला हसताना आमच्या माणसांचे नकाशेही तपासावेत. रस्ता विचारा, उत्तर येतं : "वडाचं झाड लागलं की डावीकडे." वड रुंदीकरणात केव्हाच गेला. तरी सांगणारा हात तिथेच करतो, कारण त्याच्या नकाशात तो सावलीसकट उभा आहे. फरक एवढाच, की माणसाला टपरीवर कोणीतरी हटकतं आणि अर्धा चहा संपायच्या आत त्याची आवृत्ती बदलते, तीही फुकटात.

यंत्र म्हणतं, "शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या." टपरीवरचे आजोबा दुभाजकाकडे बोट दाखवतात : "खंय घेतलास तो? जा पुढे, फट मिळेल तिथून फीर. आणि परत येताना बिस्किटाचा पुडा आण."